ट्रॅक्टर डिझेलचा की बॅटरीचा? आधी अवरमीटर बघा



अक्षय्य तृतीयेला दोन दिवस राहिले होते. चिखलीतल्या माझ्या दुकानात संध्याकाळी बाप-लेक आले. काका माझे जुने गिऱ्हाईक. घरची आठ एकर, बाकी सगळं पोट भाड्याच्या ट्रॅक्टरवर. जुना ट्रॅक्टर आता थकलाय, नवीन घ्यायचाय, एफडी मोडायची तयारी झालीय. मुलगा शिकलेला, मोबाईलवर चार व्हिडिओ दाखवून म्हणाला, "दादा, डिझेलला आता काय अर्थ नाही. इलेक्ट्रिकच घ्यायचा." काकांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाले, "पोरगं म्हणते बॅटरीचा घ्या. मी म्हणतो वावरात बंद पडला त ढकलंल कोन? तुम्ही सांगा भाऊ, काय करावं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. का नाही दिलं, आणि नंतर कागदावर काय निघालं, तेच आज तुम्हाला सांगतो. व्हिडिओत फळ्यावर मांडलेला हिशोब इथे सावकाश देतोय, वही-पेन घेऊन बसा.

त्याआधी एक गोष्ट कबूल करतो. माझं दुकान ट्रॅक्टर स्पेअर पार्ट्सचं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, गॅस्केट. माझ्या गल्ल्यातल्या १०० रुपयांपैकी साधारण ३५ रुपये या मालाचे. बॅटरीच्या ट्रॅक्टरला यातलं काहीच लागत नाही. म्हणजे माझं पोट डिझेलवर आहे. सल्ला कोण देतोय आणि त्याचं पोट कशावर आहे, हे धंद्यात आधी बघायचं. माझ्या बाबतीतही बघा.

आपल्याकडे बॅटरी आधीच येऊन गेलीय

इलेक्ट्रिक म्हणजे काहीतरी परदेशी, असं वाटत असेल तर घरातला फवारणीचा पंप आठवा. आधी हाताने दांडा मारायचा पंप होता. मग पेट्रोलचा पॉवर पंप आला, पाठीवर धडधडणारा. आणि मग आला बॅटरी पंप. माझ्या दुकानात बॅटरी पंपाने पेट्रोलच्या पंपाला काही हंगामांतच मागे टाकलं. का? साध्या बॅटरी पंपात १२ व्होल्ट, १२ अँपिअरची बॅटरी असते. म्हणजे १४४ वॅट-तास, एका युनिटचा सातवा हिस्सा. एवढ्यात सोयाबीनच्या कितीतरी टाक्या मारून होतात, कारण औषधाचं पाणी बारीक नळीतून ढकलायला ताकद फार लागत नाही. रात्री घरी चार्जिंगला लावला, सकाळी तयार.

पण त्याच दुकानात पॉवर वीडर मात्र अजून पेट्रोल-डिझेलचेच जातात. माती फोडायला ताकद लागते, आणि ती तासन्‌तास लागते.

सगळा विषय या दोन वस्तूंत आहे. हलकं काम, ठरलेला वेळ, घराजवळ प्लग: बॅटरी जिंकते. जड काम, बेभरवशाचा वेळ, प्लग लांब: डिझेल जिंकतं. ट्रॅक्टर, जेसीबी, फोर्कलिफ्ट, रस्ता सोडून चालणारी कुठलीही गाडी घ्या, प्रश्न हाच आहे.

याच बॅटरी पंपाने मला एक धडाही शिकवला. एका वर्षी हंगाम संपता संपता २० पंप स्वस्तात मिळाले म्हणून उचलले. माळ्यावर ठेवले आणि विसरलो. जूनमध्ये खाली काढले तर निम्म्याहून जास्त पंपांच्या बॅटऱ्या मेलेल्या. लेड-ॲसिडची बॅटरी चार्ज न करता सात महिने पडू दिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चूक माझीच. डिझेलचं इंजिन वर्षभर कोपऱ्यात राहिलं तरी थोड्या खटपटीने उठतं. बॅटरी लिथियमची असो की लेडची, तिला विसरून चालत नाही.

एक लिटर डिझेल म्हणजे किती युनिट?

आता हिशोब. आधी दोन्हीकडचं माप एका काट्यावर आणू.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे तुमच्या लाइट बिलावरचं तेच युनिट, किलोवॅट-तास. पण इंजिन त्यातली सगळी ऊर्जा चाकाला देत नाही. बरीचशी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. शेतातल्या कामात तीनेक युनिट कामी येतात असं धरू.

मोटारीत एवढी नासाडी होत नाही. चार्जर, बॅटरी, कंट्रोलर, मोटार अशी सगळी गळती धरली, तरी प्लगमधून घेतलेल्या ४ युनिटमध्ये तेच ३ युनिटचं काम होतं.

म्हणजे १ लिटर डिझेल बरोबर ४ युनिट वीज. डिझेल ९२ रुपये आणि वीज ९ रुपये युनिट धरा. ९२ रुपयांचं काम ३६ रुपयांत. लिटरमागे ५६ रुपये वाचले. तुमचा दर वेगळा असेल तर तुमचा आकडा टाका.

वर देखभाल. दर २५० तासांना इंजिन ऑइल आणि फिल्टरचे ४,००० रुपये धरले तर तासाला १६ रुपये. मोटारीला हा खर्च नाही. हायड्रॉलिक आणि गिअरचं ऑइल मात्र बॅटरीच्या ट्रॅक्टरलाही लागतं, हे विसरू नका.

इथपर्यंत मुलगा खुश होता. "बघा ना दादा, मी हेच सांगतोय बाबांना."

मी म्हटलं, थांब. अजून तास यायचे आहेत.

"८ तास चालतो", पण काय ओढून?

दुसऱ्या बाजूचंही माप घेऊ. डिसेंबर २०२० मध्ये सोनालिकाने टायगर इलेक्ट्रिक बाजारात आणला. सुरुवातीची किंमत ५.९९ लाख रुपये, मोटार ११ किलोवॅट, बॅटरी २५.५ युनिटची. घरच्या प्लगवर १० तासांत चार्ज, फास्ट चार्जरवर ४ तासांत. २ टनांची ट्रॉली ओढताना ८ तास चालेल, असं कंपनीने सांगितलं होतं.

कंपनीचं वाक्य पूर्ण वाचायची सवय लावा. "२ टनांची ट्रॉली ओढताना" हे शब्द महत्त्वाचे आहेत. २५.५ युनिट ८ तासांत वाटले तर तासाला ३ युनिटच्या वर थोडे. ट्रॉलीला ते पुरतात. पण तीच मोटार पूर्ण ताकदीने रोटाव्हेटर फिरवायला लागली तर तासाला १२ च्या वर युनिट जातात आणि बॅटरी जेमतेम दोन तास टिकते. कंपनी खोटं बोलत नाही. आपण वाक्य अर्धं ऐकतो.

मोठ्या ट्रॅक्टरची अडचण तर आणखी मोठी. जॉन डिअरने २०१७ च्या सुमारास सेसॅम नावाचा पूर्ण इलेक्ट्रिक ट्रॅक्टर पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवला. बॅटरी १३० युनिटची, आणि एका चार्जवर काम सुमारे ४ तास. एवढी मोठी कंपनी, एवढी मोठी बॅटरी, आणि चार तास. आपल्या काळ्या जमिनीत, उन्हाळी नांगरटीत, ढेकूळ फोडताना काय होईल याचा अंदाज करा.

तीन गिऱ्हाईकं, तीन उत्तरं

आता तीन गिऱ्हाईकं समोर बसवू. तिघांसाठी ट्रॅक्टर एकाच ताकदीचा. इलेक्ट्रिक ४ लाखांनी महाग धरू, बॅटरी ३५ युनिटची. जादाच्या ४ लाखांवर बँकेचं व्याज १० टक्क्यांनी वर्षाला ४०,०००. हे आकडे गृहीत आहेत, कोटेशन हातात आलं की खरे टाका.

पहिला: स्वतःच्या वावरापुरता ट्रॅक्टर. वर्षाला २५० तास, तासाला ४ लिटर. तासाची बचत ४ गुणिले ५६, अधिक १६, म्हणजे २४० रुपये. वर्षाला ६०,०००. व्याज वजा जाता हातात २०,०००. तोट्यात नाही, पण ४ लाख निघायला पुरं आयुष्य जाईल.

दुसरा: आपले काका. भाड्याचा धंदा. काकांनी सांगितलं, "वर्षाला ९०० तास त होतेच." ९०० गुणिले २४०, म्हणजे २,१६,००० बचत. दोन वर्षांच्या आत जादाचे ४ लाख फिटले! मुलगा खुर्चीवरून उठलाच.

पण काका गप्प होते. त्यांना एक गोष्ट माहीत होती जी व्हिडिओत नव्हती. वाफसा.

मृगाचा पाऊस पडतो, जमीन वाफशावर येते, आणि मग सगळ्या गावाला त्याच चार दिवसांत पेरायचं असतं. काकांचा फोन पहाटे चारपासून वाजतो. त्या पंधरा दिवसांत ट्रॅक्टर रोज १४ तास चालतो. ड्रायव्हर बदलतो, ट्रॅक्टर बदलत नाही. डिझेल संपलं तर बांधावर कॅन उभी असते, पाच मिनिटांत पुन्हा सुरू.

बॅटरीचं काय? तासाला ४ लिटरचं जड काम म्हणजे ३५ युनिटची बॅटरी अडीच तास. मग गावात जा, फास्ट चार्जर असला तरी तीन-चार तास लावा, परत या. दिवसाला ६ तास काम झालं तरी पुष्कळ. म्हणजे रोज ८ तास बुडाले. पंधरा दिवसांत १२० तास. रब्बीच्या पेरणीला पुन्हा तेवढेच. वर्षाला २४० तास गेले.

डिझेल आणि ड्रायव्हर जाऊन तासाला ५०० रुपये हातात उरतात असं धरा. २४० तासांचे १,२०,००० बुडाले. उरलेल्या ६६० तासांची बचत १,५८,४००. फरक राहिला ३८,४००. व्याज ४०,०००.

शून्याच्याही खाली. आणि यात अजून एक नुकसान धरलेलं नाही. वाफशाच्या दिवसांत तुम्ही नाही म्हणालात, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरकडे जातं आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातं.

बघा गंमत. ज्याची बचत कागदावर सगळ्यात मोठी दिसत होती, त्यालाच ती घेता येत नाही. कारण त्याचे तास वर्षभर सारखे पसरलेले नाहीत, ते दोन ढिगांत पडलेले आहेत. बीबीएला आम्हाला शिकवलं होतं की सरासरीवर निर्णय घेऊ नका, सगळ्यात गर्दीच्या दिवसावर घ्या. तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. काकांना ते कॉलेजात न जाता माहीत होतं.

तिसरा: आवारातलं काम. खामगाव-मलकापूरकडे जिनिंग आहेत, ठिकठिकाणी गोदामं, डेअरी, नर्सऱ्या आहेत. तिथला ट्रॅक्टर किंवा लोडर रोज ठरलेलं हलकं काम करतो, आवार सोडत नाही. वर्षाला १,५०० तास, तासाला २ लिटर. तासाची बचत १२८ रुपये, वर्षाला १,९२,०००. व्याज जाऊन १,५२,०००. पावणेतीन वर्षांच्या आत ४ लाख वसूल. रोज पाच तास काम, एका चार्जमध्ये भागतं. वर धूर नाही, आवाज नाही, कापसाच्या गंजीजवळ गरम सायलेन्सर नाही. मोठ्या गोदामांत बॅटरीचे फोर्कलिफ्ट कितीतरी वर्षांपासून चालतात, ते उगाच नाही.

बागवाल्यांचाही विचार करा. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या संत्र्याच्या बागांत छोटा ट्रॅक्टर फवारणी आणि आंतरमशागतीला फिरतो. बाग घराला लागून असेल तर हा माणूस तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या जवळ जातो.

जेसीबीवाल्यांसाठी

जिल्ह्यात अर्थमूव्हिंगचा धंदा करणारे बरेच जण चॅनल बघतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. २०१८ चा उन्हाळा आठवा. भारतीय जैन संघटनेच्या सुजलाम सुफलाम मोहिमेत जिल्ह्यात शंभरावर यंत्रं उतरली होती. यंत्रं संघटनेची, डिझेल शासनाचं. तलाव, नाले, बांध, जिथे विजेचा खांबही दिसत नाही तिथे दिवसभर काम चालायचं. जेसीबीने तासाला ५ लिटर धरले तर ८ तासांचे ४० लिटर. आपल्या काट्यावर १६० युनिट, रोज, एका यंत्राला. नाल्यात ते कुठून आणणार?

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे कळलंय. जेसीबी कंपनीने १.९ टनांचा छोटा इलेक्ट्रिक एक्स्कॅव्हेटर काढला, शहरातल्या आणि इमारतीच्या आतल्या कामासाठी. पण मोठ्या यंत्रांसाठी त्याच कंपनीने हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनावर पैसा लावला. एकाच कंपनीने कामाप्रमाणे दोन रस्ते धरले. आपणही तसंच करायचं.

सही करण्याआधी पाच गोष्टी

१. शेतीपंपाच्या कनेक्शनवर ट्रॅक्टर चार्ज करायचा विचार सोडा. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला राज्य सरकारने वीज मोफत केली आहे, ती पंपासाठी. ज्या कामासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्याला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल येतं. शिवाय शेतीच्या फीडरला दिवसाला ठरावीक तासच वीज असते. चार्जिंगचा मंजूर भार आणि दर आधी महावितरणच्या ऑफिसात विचारा.

२. फास्ट चार्जरला थ्री फेज लागेल का आणि त्याचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. घरच्या सिंगल फेजवर सव्वातीन किलोवॅटचा चार्जर ३५ युनिट भरायला अकराएक तास घेतो. रात्री लाइट गेली तर सकाळ गेली.

३. जीएसटीचं गणित बदललंय. इलेक्ट्रिक वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल ट्रॅक्टरही १२ वरून ५ वर आला. त्यामुळे "इलेक्ट्रिकला टॅक्स कमी" हे जुनं वाक्य आता चालत नाही. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात शेतीच्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरचाही समावेश आहे. सवलत कोणत्या मॉडेलला, किती आणि कशी मिळणार, हे डीलरकडून लेखी घ्या.

४. बॅटरीची वॉरंटी वर्षांत आहे की तासांत, किती टक्के ताकद उरल्यावर बदलून देणार, आणि बिघडली तर माणूस कुठून येणार? छत्रपती संभाजीनगरहून की पुण्याहून? पेरणीत दोन दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि बॅटरीचा खोका गावातल्या मेकॅनिकला उघडू देऊ नका. त्यातला करंट जीव घेणारा असतो.

५. मोडीत काय येईल? जुना डिझेल ट्रॅक्टर बाजारात उभा केला की दुपारपर्यंत चार जण किंमत लावतात. जुन्या इलेक्ट्रिकचा बाजार आपल्याकडे अजून भरलेला नाही. बँकेचा माणूसही हेच विचारेल.

आणि आपल्यासारख्या दुकानदारांचं?

पार्ट्सवाले, मेकॅनिक, ऑइलवाले मित्र घाबरून फोन करतात. माझं उत्तर हे: भाड्याचा ट्रॅक्टर इतक्यात डिझेल सोडत नाही, वर दाखवलं तसं. पण आवारातलं, बागेतलं हलकं काम हळूहळू जाईल. बॅटरी स्वस्त आणि चार्जिंग पटकन झालं की वाफशाचं गणितही बदलेल. म्हणून मी आत्तापासून जागा बदलतोय. रोटाव्हेटरचे ब्लेड, बेअरिंग, हायड्रॉलिकचे पाइप आणि सील, टायर हे दोन्ही ट्रॅक्टरला लागतात. त्या रॅकला पुढे आणलंय, आणि नवीन इंजिन पार्ट्सचा साठा गरजेपुरताच भरतोय. ट्रॅक्टरच्या टायरवर आणि ठरावीक पार्ट्सवर जीएसटी १८ वरून ५ आलाय, त्याचाही फायदा घ्या. मेकॅनिक मित्रांनी मल्टिमीटर वापरायला आणि वायरिंगचा नकाशा वाचायला शिकावं. डिझेलच्या ट्रॅक्टरलाही ते कामी येतंच.

काकांनी काय केलं?

त्या संध्याकाळी मी काकांना एकच काम सांगितलं. "घरी जाऊन अवरमीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा. रोज संध्याकाळी लिहा. पेरणी होऊ द्या, मग बोलू." अक्षय्य तृतीया तशीच गेली. मुलगा नाराज झाला.

ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा आले. कॅलेंडरची पानं फाडून आणली होती. मुलाने वहीत नीट तक्ता केला होता, जुन्या सर्व्हिसच्या नोंदींवरून गेल्या वर्षाचाही आकडा काढला होता. काका ज्याला ९०० तास म्हणत होते, ते निघाले ६१०.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत कधी मोजलंच नाही, भाऊ." ६१० तासांवर तर नवीन डिझेल ट्रॅक्टरचा मोठा हप्तासुद्धा जड जात होता. वाद डिझेल की बॅटरी हा राहिलाच नाही. प्रश्न झाला की एवढा मोठा ट्रॅक्टर आपल्याला परवडतो का.

एफडी मोडली नाही. जुन्याचं इंजिन करून घेतलं, हो, पार्ट्स माझ्याच दुकानातून गेले. पुढच्या हंगामाचे तास मुलगा लिहितोय. कोणत्या गिऱ्हाइकाचं काम किती तासांचं, जायला-यायला किती, रिकामा उभा किती, सगळं. आता भाड्याचा दर ठरवताना बाप मुलाला विचारतो.

तुम्हीही आज संध्याकाळी एवढंच करा. ट्रॅक्टर असो, जेसीबी असो, आवारातला लोडर असो, अवरमीटरचा आकडा आणि तारीख लिहा. तीस दिवस लिहा. त्यात सगळ्यात गर्दीचा दिवस कोणता होता त्यावर गोल करा. मग वरच्या तीन गिऱ्हाइकांपैकी तुम्ही कोण, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. डीलरकडे जाताना ती वही बरोबर न्या.

भेटू पुढच्या भागात. जय महाराष्ट्र.